एका श्वासाचे शास्त्र : नतालिया मोल्चानोवा यांची कारकीर्द

फ्रीडायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेची टाकी न घेता एकाच श्वासावर पाण्याखाली खोल किंवा लांब जाण्याचा क्रीडाप्रकार, हा जिवावर उदार झालेल्या माणसांचा खेळ आहे, असा समज सर्वत्र रूढ असून तो पसरवण्यात चित्रपटांचा आणि वर्तमानपत्री मथळ्यांचा वाटा मोठा आहे. या खेळाच्या इतिहासात सर्वाधिक यश ज्यांच्या नावावर जमा आहे, त्या रशियाच्या नतालिया मोल्चानोवा यांची कारकीर्द मात्र या समजाविरुद्ध साक्ष देते. वयाच्या चाळिशीत त्यांनी या खेळाची ओळख करून घेतली, पुढच्या बारा वर्षांत ४१ जागतिक विक्रम नोंदवले, जागतिक स्पर्धांत २३ सुवर्णपदके मिळवली आणि हे सर्व करत असतानाच मॉस्कोतील क्रीडा विद्यापीठात या विषयाचे अध्यापन करून त्याची शिकवण्याजोगी पद्धत बसवली. या कारकिर्दीचे खरे मोल विक्रमांच्या आकड्यांपेक्षा त्या पद्धतीत आहे. श्वास रोखण्याची कला ही निधड्या छातीवर कमी आणि शरीराच्या नियमांचे ज्ञान, संथपणा व जोडीदाराची सोबत यांवर अधिक अवलंबून असते, हे त्यांच्या यशातून दिसते आणि त्यांच्या मृत्यूतून तर अधिकच ठळकपणे दिसते.

कळवणसारख्या, समुद्र दृष्टीस न पडणाऱ्या तालुक्यात हा विषय व्याख्यानासाठी निवडणे काहींना विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु मोल्चानोवा यांचा जन्म ८ मे १९६२ रोजी ज्या उफा शहरात झाला, ते उरल पर्वताच्या पायथ्याशी, कोणत्याही समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो मैल दूर आहे. शेजारच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या पाणीटंचाईच्या गावातून आलेले दत्तू भोकनळ सैन्यात भरती झाल्यावर प्रथम वल्हे हाती धरतात, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनाच्या एकेरी शर्यतीत तेरावे येतात आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून सुवर्णपदक मिळवतात, हे उदाहरण नाशिक जिल्ह्याने अलीकडेच पाहिले आहे. पाण्याच्या खेळातील प्रावीण्य किनाऱ्यावर जन्मण्याने मिळत नाही, एवढे यावरून मान्य करण्यास हरकत नसावी. शिवाय गिरणेचे उगमक्षेत्र, चणकापूरचे धरण, पुनंद नदीवरील अर्जुनसागर आणि बांधाबांधाला असलेल्या विहिरी यांच्यामुळे या तालुक्यातील मुलांचा खोल पाण्याशी संबंध लहानपणापासून येतोच. तो संबंध कोणत्या ज्ञानाच्या आधारे यावा, या प्रश्नाकडे व्याख्यानाच्या उत्तरार्धात वळावे लागेल.

एका श्वासावर बुडी मारणे हे मानवाचे फार जुने उपजीविकेचे साधन आहे. मन्नारच्या आखातात मोत्याचे शिंपले आणि शंख काढणारे पाणबुडे, जपानच्या किनाऱ्यावरील 'आमा' आणि कोरियाच्या जेजू बेटावरील 'हेन्यो' या स्त्रिया, ईजियन समुद्रात स्पंज गोळा करणारे ग्रीक कोळी, हे सारे याच विद्येवर जगत आले. जेजूच्या स्त्रियांची परंपरा युनेस्कोने २०१६ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली. त्यांपैकी अनेक जणी साठी-सत्तरी उलटल्यावरही समुद्रात उतरतात, ही गोष्ट पुढे मोल्चानोवा यांच्या वयाचा विचार करताना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्पर्धा म्हणून या विद्येचा आरंभ तुलनेने अलीकडचा आहे. १९४९ साली रायमोंदो बुखेर या इटालियन वैमानिकाने काप्री बेटाजवळ पैजेवर ३० मीटर खोल बुडी मारली, ती या प्रकाराची सुरुवात मानली जाते. त्यानंतर इटलीचे एन्झो मायोर्का आणि फ्रान्सचे जाक मायोल यांच्या चढाओढीने दोन दशके गाजवली. मायोल यांनी २३ नोव्हेंबर १९७६ रोजी एल्बा बेटाजवळ १०० मीटरचा टप्पा गाठला. मात्र खाली जाण्यासाठी वजनदार घसरगाडी आणि वर येण्यासाठी हवेने फुगणारा फुगा अशी साधने त्यात वापरलेली होती. १९९२ साली फ्रान्समधील नीस येथे 'आयडा' ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाल्यावर प्रकारांची विभागणी झाली, नियम लिहिले गेले आणि पैजेचा खेळ हळूहळू स्पर्धेच्या शिस्तीत आला.

हे प्रकार थोडक्यात समजून घेतल्याशिवाय विक्रमांचे आकडे अर्थहीन राहतात. तरणतलावात पाण्यावर पालथे पडून, चेहरा पाण्यात ठेवून, निश्चल राहून श्वास किती वेळ रोखता येतो, हा पहिला प्रकार असून त्याला स्थिर श्वासरोध म्हणता येईल. तलावातच पाण्याखालून किती अंतर कापता येते, हा दुसरा. तो पायांत पंख बांधून आणि पंखांशिवाय असा दोन्ही रीतींनी खेळला जातो. समुद्रातील प्रकारांमध्ये उभ्या सोडलेल्या दोराच्या सोबतीने खाली जाऊन परत यायचे असते. त्यात जे वजन घेऊन खाली गेले तेच घेऊन स्वतःच्या बळावर वर येण्याच्या प्रकाराला स्थिर वजनाची बुडी म्हणतात, आणि जाणकार तिला या खेळाची खरी कसोटी मानतात. दोन्ही पाय एकत्र गुंतवून डॉल्फिनच्या शेपटीप्रमाणे हलवायच्या एकसंध रुंद पंखाला मोनोफिन हे नाव आहे. याखेरीज केवळ हातांनी दोर ओढत जाण्याचा प्रकार आहे, घसरगाडीने खाली जाऊन स्वबळावर वर येण्याचा आहे, आणि शेवटी 'नो लिमिट्स' हा, कोणतेही साधन वापरण्याची मुभा असलेला प्रकार आहे. यांतील शेवटच्या प्रकाराने जगाचे लक्ष सर्वाधिक वेधले आणि बळीही घेतले. १२ ऑक्टोबर २००२ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकाजवळ १७१ मीटरच्या प्रयत्नात ओद्रे मेस्त्र या फ्रेंच महिला खेळाडूचा झालेला मृत्यू हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. मोल्चानोवा यांनी या प्रकारात आपली कीर्ती शोधली नाही, यातच त्यांच्या विवेकाची पहिली खूण सापडते.

आता शरीराच्या बाजूने विचार केला पाहिजे, कारण या खेळातील प्रत्येक निर्णय शरीरधर्माशी बांधलेला असतो. पृष्ठभागावर माणसावर एका वातावरणाचा दाब असतो आणि पाण्यात प्रत्येक १० मीटरला त्यात जवळजवळ एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, ३० मीटरवर चौपट आणि १०० मीटरवर अकरा पट होतो. बंद पिशवीतील हवेचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात घटते, या बॉइलच्या नियमानुसार सहा लिटर हवेने भरलेली फुफ्फुसे १० मीटरवर तीन लिटरवर, ३० मीटरवर दीड लिटरवर आणि १०० मीटरवर जेमतेम अर्ध्या लिटरवर येतात. पूर्ण उच्छ्वास केल्यावरही फुफ्फुसांत जी हवा उरतेच, ती साधारण सव्वा ते दीड लिटर असते. म्हणून तिसाव्या-चाळिसाव्या मीटरच्या पुढे छातीचा पिंजरा दाबाने आत चेपला जाणार, असा निष्कर्ष विसाव्या शतकाच्या मध्यावर काही वैद्यकतज्ज्ञांनी काढला होता. मायोर्का यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ५० मीटरची सीमा ओलांडली आणि छाती शाबूत राहिली. याचे कारण पुढील संशोधनातून उलगडले : वाढत्या दाबाबरोबर हातापायांतील रक्त छातीकडे वळते, फुफ्फुसांभोवतीच्या केशवाहिन्या रक्ताने भरतात, आणि रक्त हे द्रव असल्यामुळे दाबले जात नसल्याने ते रिकाम्या झालेल्या जागेचा भार सोसते.

हा रक्तप्रवाहाचा बदल एका व्यापक प्रतिक्रियेचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ पोल बेर यांनी बदकांवर आणि विसाव्या शतकात पेर शोलांडर यांनी सीलसारख्या सागरी सस्तन प्राण्यांवर केलेल्या अभ्यासातून असे दिसले की, चेहरा पाण्यात जाताच आणि श्वास थांबताच हृदयाचे ठोके मंदावतात, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि उपलब्ध प्राणवायू मेंदू व हृदय यांच्यासाठी राखून ठेवला जातो. माणसातही ही प्रतिक्रिया असते. थंड पाण्याचा स्पर्श चेहऱ्याला झाल्यास ती अधिक तीव्र होते. याशिवाय प्लीहा, म्हणजे पोटाच्या डाव्या बाजूस बरगड्यांखाली असलेला अवयव, आकुंचन पावून तांबड्या रक्तपेशींचा साठा रक्तात सोडते. आग्नेय आशियातील बाजाऊ या समुद्रावर राहणाऱ्या लोकांची प्लीहा शेजारच्या शेतकरी समाजाच्या तुलनेत सुमारे निम्म्याने मोठी असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले आणि त्यामागे आनुवंशिक बदल असल्याचेही दिसून आले. सामान्य माणसाला असा वारसा नसला, तरी सरावाने या प्रतिक्रियेला वाव देता येतो.

याहून महत्त्वाची, आणि कळवणच्या श्रोत्याच्या थेट उपयोगाची, बाब श्वास घेण्याच्या ऊर्मीची आहे. श्वास रोखून धरल्यावर छातीत जी घालमेल होते, ती प्राणवायू संपल्यामुळे होते असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात ती रक्तात साठत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. हा वायू मेंदूतील श्वसनकेंद्राला चेतवतो, श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधील स्नायूंचा पडदा, आचके देऊ लागतो, आणि अप्रशिक्षित माणूस त्या क्षणी घाबरून वर येतो, तेव्हा त्याच्या शरीरात पुरेसा प्राणवायू शिल्लक असतो. प्रशिक्षित पाणबुड्या या आचक्यांना ओळखतो आणि त्यांच्याशी झगडत नाही. उलटपक्षी, बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेतल्यास दम वाढतो असा जो समज पोहणाऱ्या मुलांत आढळतो, तो घातक आहे. निरोगी माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिन नेहमीच्या श्वासातही प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते, त्यामुळे अशा श्वासांनी प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड तेवढा बाहेर फेकला जातो, परिणामी धोक्याची सूचना उशिरा मिळते किंवा मिळतच नाही, आणि माणूस कसलीही घालमेल न जाणवता शुद्ध गमावतो. खोलीवरून परतणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक धोका जोडला जातो. खाली असताना दाबामुळे फुफ्फुसांतील उरल्यासुरल्या प्राणवायूचाही आंशिक दाब पुरेसा राहतो, पण शेवटच्या १० मीटरमध्ये एकूण दाब निम्म्यावर येतो आणि त्याबरोबर प्राणवायूचा आंशिक दाबही झपाट्याने उतरतो. म्हणून शुद्ध हरपण्याच्या घटना तळाशी न घडता बहुधा पृष्ठभागाच्या अगदी जवळ, किंवा वर येऊन पहिला श्वास घेतल्यानंतरच्या काही सेकंदांत घडतात.

या पार्श्वभूमीवर मोल्चानोवा यांच्या कारकिर्दीकडे पाहिले म्हणजे तिची रचना स्पष्ट होते. तरुणपणी त्या पंख लावून पोहण्याच्या स्पर्धांत उतरत असत. विवाह व अपत्ये यांनंतर जवळजवळ वीस वर्षे त्यांचा स्पर्धात्मक खेळाशी संबंध तुटला होता. चाळिशीत एका नियतकालिकातील लेख वाचून त्यांना फ्रीडायव्हिंगची माहिती मिळाली आणि २००३ साली त्या स्पर्धेत उतरल्या. ज्या वयात धावपटू आणि जलतरणपटू निवृत्त झालेले असतात, त्या वयात झालेला हा आरंभ अपवादात्मक असला, तरी खेळाचे स्वरूप पाहता तो अतर्क्य नाही. येथे स्नायूंचे बळ जास्त असणे हे प्राणवायूचा खर्च जास्त असण्यासारखे आहे. मंद हृदयगती, अनावश्यक हालचालींचा अभाव आणि अस्वस्थतेशी असलेली जुनी ओळख यांना अधिक महत्त्व आहे, आणि हे गुण वयाबरोबर नष्ट होत नाहीत. जेजूच्या वृद्ध स्त्रियांनी जे पोटासाठी सिद्ध केले होते, ते मोल्चानोवा यांनी पंचांसमोर सिद्ध केले.

विक्रमांची संपूर्ण यादी कंटाळवाणी होईल. एका प्रकारातील प्रगती पाहिली तरी पुरे. स्थिर श्वासरोधात २००७ साली स्लोव्हेनियातील मारिबोर येथे त्यांनी आठ मिनिटांचा टप्पा गाठला, २००९ मध्ये डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे ८ मिनिटे २३ सेकंद नोंदवले आणि २०१३ च्या जूनमध्ये बेलग्रेड येथे ९ मिनिटे २ सेकंद श्वास रोखून नऊ मिनिटांची सीमा ओलांडणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्या वेळी त्यांचे वय ५१ होते. सहा वर्षांत बासष्ट सेकंदांची ही वाढ आहे, आणि तिचा वेग पाहिला तर एखाद्या दिवशी अंगात आलेल्या स्फूर्तीने असे आकडे निपजत नाहीत हे कळते. पंखांसह पाण्याखालील पोहण्यात त्यांनी २०१४ साली सार्डिनियामध्ये २३७ मीटर अंतर एका श्वासात कापले, म्हणजे ५० मीटरच्या तलावाच्या पावणेपाच फेऱ्या. इजिप्तमधील दाहाब येथे 'ब्लू होल' नावाची समुद्रातील खोल विवरासारखी जागा आहे. तिच्या पोटातून बाहेरच्या समुद्रात उघडणारी खडकाची कमान सुमारे ५५ मीटर खोलीवर असून टाक्या घेऊन गेलेले अनेक पाणबुडे तेथे प्राणास मुकले आहेत. २००५ साली ती कमान एका श्वासात पार करणाऱ्या मोल्चानोवा या पहिल्या महिला होत. हा विक्रम स्पर्धेतला नाही, आणि त्याचे अनुकरण कोणी करावे असेही नाही.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत रसाळ प्रकरण स्थिर वजनाच्या बुडीतील चढाओढीचे आहे. ब्रिटनच्या सारा कॅम्पबेल या दाहाबमध्ये योग शिकवत होत्या. हा खेळ सुरू केल्यावर वर्ष पुरे होण्याआधीच, २००७ मध्ये, त्यांनी दोन दिवसांत तीन जागतिक विक्रम नोंदवून सर्वांना चकित केले. २००९ च्या एप्रिलमध्ये बहामा बेटांवरील डीन्स ब्लू होल येथे त्या ९६ मीटरपर्यंत पोहोचल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मोल्चानोवा यांनी इजिप्तमधील शर्म अल-शेख येथे शंभर मीटरची रेषा ओलांडली आणि स्वबळावर असे करणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. ग्रामीण महाराष्ट्रात विहिरीची खोली परसांत मोजली जाते. त्या मापाने हे अंतर पन्नास परसांहून अधिक भरेल. परंतु अंतरापेक्षा त्याची दिशा महत्त्वाची. सुरुवातीच्या काही मीटरपर्यंत शरीर पाण्यावर तरंगू पाहते, म्हणून खाली जाण्यासाठी जोर लावावा लागतो. फुफ्फुसे दबल्यावर, साधारण पंधरा-वीस मीटरनंतर, शरीर आपोआप बुडू लागते आणि पाणबुड्या हालचाल थांबवून स्वतःला खाली जाऊ देतो. सुखाचा भाग तेथेच संपतो. तळाच्या चकतीवरून खूणचिठ्ठी घेऊन वळल्यावर परतीचा सारा प्रवास शरीराच्या त्याच ओढीविरुद्ध, प्राणवायू संपत आलेला असताना करायचा असतो. म्हणून या खेळात खोली ठरवताना खाली जाण्याची ताकद मोजून भागत नाही. वर येऊन शुद्धीत राहण्याची ताकद मोजावी लागते.

खोलवर आणखी एक अडथळा कानांचा असतो. विमानात किंवा घाट उतरताना कान दडपतात, त्याच कारणाने पाण्यात कानाच्या पडद्यावर दाब येतो आणि नाक दाबून आतून हवा ढकलून तो समान करावा लागतो. तीस-पस्तीस मीटरच्या पुढे फुफ्फुसांतील हवा इतकी आक्रसते की ती वर आणता येत नाही. म्हणून आधीच गालांत हवा भरून ठेवून जिभेच्या मुळाने ती थोडी थोडी कानांकडे ढकलण्याचे तंत्र वापरतात. अनेक बलवान खेळाडूंची मर्यादा दमामुळे ठरत नाही, ती या बारीक कौशल्यामुळे ठरते.

मोल्चानोवा यांचे वेगळेपण येथून पुढे सुरू होते. त्या स्वतःच्या अनुभवावर समाधानी राहिल्या नाहीत. विद्यापीठात उपयोजित व साहसी क्रीडाप्रकारांच्या विभागात अध्यापन करताना त्यांनी प्रशिक्षणाचा क्रम बसवला, पाठ्यपुस्तकवजा लेखन केले आणि रशियाच्या फ्रीडायव्हिंग महासंघाचे अध्यक्षपद सांभाळत प्रशिक्षक घडवले. त्यांच्या पद्धतीचा गाभा अवधान विखुरण्याच्या तंत्रात आहे. सामान्यतः मन एखाद्या बिंदूवर एकाग्र करावे असे सांगितले जाते. मोल्चानोवा याउलट दृष्टीच्या संपूर्ण क्षेत्रावर, त्याच्या कडांवरही, लक्ष सारख्या प्रमाणात पसरवण्यास शिकवत, जेणेकरून विचारांची साखळी तुटते, ताण ओसरतो आणि तरीही भोवतालचे भान सुटत नाही. विचार आणि चिंता यांनाही प्राणवायू लागतो, हे त्यामागचे सरळ गणित होते. त्या कविताही लिहीत असत, याचा उल्लेख बहुतेक चरित्रलेखांत मोठ्या कौतुकाने येतो. परंतु त्यांच्या शिष्यांना अधिक उपयोग झाला तो त्यांच्या सरावाच्या तक्त्यांचा, हे म्हणणे अन्यायाचे ठरू नये.

येथे महाराष्ट्रातील एका समांतर प्रयत्नाची आठवण होणे अपरिहार्य आहे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी अमळनेरच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीत अध्यापन केल्यानंतर १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांचे गुण भक्तिभावाने गाण्याऐवजी त्यांनी क्ष-किरण यंत्र आणि दाबमापक यांच्या साहाय्याने उड्डियान व नौली यांच्या वेळी पोटातील दाब कसा उतरतो, हे तपासले. आज जगभरचे फ्रीडायव्हर जो व्यायाम नित्यनेमाने करतात, तो म्हणजे फुफ्फुसे रिकामी करून पोट आत खेचणे, हा उड्डियानच होय. त्यामुळे श्वासपटल आणि बरगड्यांमधील स्नायू लवचिक होतात आणि खोलीवरील दाब सोसणे सुलभ होते. यावरून 'हे सारे आपल्याकडे पूर्वीच होते' असा जो सूर लगेच लावला जातो, तो मात्र आवरला पाहिजे. प्राणायामातील कुंभकाचे प्रयोजन वेगळे, तो करणारा कोरड्या जमिनीवर बसलेला असतो, आणि त्याची शुद्ध हरपली तरी नाकातोंडात पाणी जाण्याचा धोका नसतो. कुंभकाचा सराव आहे म्हणून धरणात एकट्याने बुडी मारणे हे कुवलयानंदांच्या चिकित्सक वृत्तीशीही विसंगत ठरेल.

खेळाच्या नियमांत हीच सावधगिरी लिहून ठेवलेली आहे. खेळाडूला आपण किती खोल जाणार हे आदल्या दिवशी जाहीर करावे लागते, त्यामुळे ऐन वेळी भरीस पडून आणखी खाली जाण्याचा मोह टळतो. तो कमरेच्या किंवा मनगटाच्या पट्ट्याने दोराशी जोडलेला असतो. परतीच्या शेवटच्या टप्प्यात सुरक्षा-पाणबुडे त्याला खालीच गाठून सोबत करत वर येतात. पृष्ठभागावर आल्यावर १५ सेकंदांच्या आत चेहऱ्यावरील मुखवटा काढणे, बोटांनी ठरलेली खूण करणे आणि आपण ठीक असल्याचे तोंडाने सांगणे हे तिन्ही याच क्रमाने झाले तरच पंच पांढरे कार्ड दाखवतात. क्रम चुकला किंवा शुद्ध हरपली, तर तळाची चिठ्ठी हातात असूनही लाल कार्ड मिळते आणि बुडी बाद होते. खोली गाठण्यापेक्षा शुद्धीवर राहून परतणे हाच विजय, असा निर्णय नियमावलीनेच दिलेला आहे, आणि अन्य फार थोड्या खेळांच्या नियमांत एवढा शहाणपणा आढळतो. तरीही १७ नोव्हेंबर २०१३ रोजी डीन्स ब्लू होल येथे पंखांशिवाय ७२ मीटरच्या प्रयत्नानंतर निकोलस मेवोली हा अमेरिकन खेळाडू दगावला. फुफ्फुसांना झालेली इजा त्यास कारण ठरली. 'आयडा'च्या स्पर्धेतील तो पहिला मृत्यू होता, आणि त्यानंतर खेळाडूंच्या वैद्यकीय तपासणीकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले.

२ ऑगस्ट २०१५ रोजी स्पेनच्या फोर्मेंतेरा बेटाजवळ मोल्चानोवा खाजगी शिकवणी घेत होत्या. त्या दरम्यान त्यांनी पंख न लावता, त्यांच्या हिशेबाने किरकोळच म्हणावी अशी, ३० ते ४० मीटरची बुडी मारली आणि त्या वर आल्या नाहीत. पाण्याखालील जोरदार प्रवाहांनी त्यांना ओढून नेले असावे असे मानले जाते. अनेक दिवस शोध घेऊनही देह मिळाला नाही. त्या वेळी त्यांचे वय ५३ होते आणि या खेळातील बहुतेक प्रकारांचे महिलांचे जागतिक विक्रम त्यांच्या नावावर होते. जगातील सर्वोत्तम खेळाडू तिच्या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी खोलीवर नाहीशी झाली, या घटनेचे गूढ वलय तयार करण्याचा प्रयत्न तेव्हा बराच झाला आणि समुद्राने आपले माणूस परत नेले अशा आशयाची वाक्ये पुष्कळ लिहिली गेली. ती वाक्ये दुःखातून आली असतील, पण त्यांनी वस्तुस्थिती झाकली जाते. स्पर्धेतील बुडीला पंच, सुरक्षा-पाणबुडे आणि वैद्यकीय पथक यांची जी तटबंदी असते, ती त्या दिवशीच्या साध्या बुडीला नव्हती. पाण्याला बुडी मारणाऱ्याच्या नावावरचे विक्रम ठाऊक नसतात. कौशल्य जितके मोठे, तितकी साध्या बुडीतील बेसावधपणाची शक्यता मोठी, असे या प्रसंगावरून म्हणावे लागते.

त्यांच्या मागे ती पद्धत टिकून राहिली. १९८७ साली जन्मलेले त्यांचे पुत्र अलेक्सेई मोल्चानोव्ह यांनी आईच्या प्रशिक्षणक्रमाच्या पायावर उभारलेली शिकवण अनेक देशांत नेली आणि स्वतः २०२१ साली बहामात स्थिर वजनाच्या बुडीत १३१ मीटरचा विक्रम केला. महिलांमध्ये इटलीच्या अलेस्सिया झेक्किनी आणि जपानच्या हानाको हिरोसे यांनी २०१७ च्या मे महिन्यात त्याच बहामाच्या पाण्यात आळीपाळीने खोली वाढवत मोल्चानोवा यांचा विक्रम मागे टाकला. विक्रम मोडले जाण्यासाठीच असतात. ज्या तंत्रांनी ते मोडले गेले, त्यांची मांडणी करणाऱ्यांत मोल्चानोवा यांचे स्थान अग्रभागी आहे.

कळवण तालुक्यात स्पर्धात्मक फ्रीडायव्हिंग सुरू व्हावे, अशी अपेक्षा येथे व्यक्त करण्याचे प्रयोजन नाही. परंतु पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली मुले थोडी मोठी झाली की मुटके मारतात, तळाचा दगड वर आणण्याच्या पैजा लावतात आणि कोणाचा दम अधिक टिकतो हे आजमावतात, ही गोष्ट येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्या पैजेत नकळत तेच घडते, जे टाळण्यासाठी जगातील सर्वोत्तम खेळाडूंनी नियम केले : आधी भराभर श्वास घेतले जातात, सारे मित्र एकाच वेळी पाण्यात उतरलेले असतात, आणि एखादा वर येण्यास उशीर करत असेल तर तो जिंकतो आहे असे समजून टाळ्या वाजवल्या जातात. शुद्ध हरपलेल्या माणसाचा कंठ काही काळ आपोआप बंद राहतो, त्यामुळे पाणी लगेच आत जात नाही. त्या अल्प अवधीत कोणी चेहरा पाण्याबाहेर काढला तर बहुधा तो वाचतो, अन्यथा नाही. पोहता येणारी मुले बुडतात, तेव्हा त्यामागे हे कारण असण्याचा संभव असतो आणि गाव मात्र भोवऱ्याला किंवा गाळाला दोष देऊन मोकळा होतो.

म्हणून तालुक्यातील शिक्षकांना, क्रीडा मार्गदर्शकांना आणि पालकांना एवढीच विनंती आहे की, उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी प्रत्येक शाळेत आणि आश्रमशाळेत तीन गोष्टी मुलांना स्पष्टपणे सांगितल्या जाव्यात : बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेऊ नयेत, एक जण पाण्याखाली असताना दुसऱ्याने वर थांबून केवळ त्याच्याकडेच पाहावे आणि तो वर आल्यावरही अर्धे मिनिट नजर हटवू नये, आणि दम धरण्याची पैज एकट्याने, कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा, कधीही लावू नये. यासाठी कोणतेही साहित्य लागत नाही आणि शाळेचा एक तास पुरेसा आहे.